भिंतीतला खळगा

बाहेर लीलाधर बैल जुंपत होता आणि गोठ्याच्या कोपऱ्यात बसलेली त्याची बायको कोकिळा घुंगरांचा आवाज ऐकत होती. गाडी तिलाच माहेरी सोडायला निघाली होती. परत आणायचा विषय कुणी काढलाच नव्हता.

त्या साली बुऱ्हाणपूर नव्या मध्य प्रदेशात गेलं. संस्थानं मिसळली, राज्यं मिसळली, बुऱ्हाणपूरजवळच्या जैनाबादच्या या घरात कोकिळा तेवढी मिसळली नाही. अर्धा महिना उलटला तरी तिचा विटाळ सरत नसे. "बसायले निमित्त लागते, दुसरं काय," गल्लीतल्या बायकांनी उचलली जीभ लावली टाळ्याला. सासू सोजरबाई म्हणजे तिची सख्खी आत्या, भावाची लेक हौसेनं सून करून आणलेली. पण तीही ताट दुरून सरकवायची आणि मान फिरवून निघून जायची. कोकिळेला सगळ्यात जास्त तेच लागे.

सोबतीला काय ती भिंत. मातीच्या त्या भिंतीत पाठीएवढा एक गुळगुळीत खळगा होता. जनावरांनी अंग घासून केला असेल, असं ती समजे. तिथं टेकलं की जरा बरं वाटायचं.

तेवढ्यात, लस टोचायला गावात आलेली डॉक्टरीण पाणी मागायला अंगणात शिरली. तिची नजर कोकिळेच्या पांढऱ्याफटक चेहऱ्यावर गेली, तशी ती सरळ गोठ्यात आली. तिच्यामागोमाग जमलेल्या गल्लीतल्या बायका मागं सरल्या. डॉक्टरणीनं कोकिळेची पापणी खाली ओढून पाहिली, मनगट धरलं. या कोपऱ्यात तिला कुणी शिवलं ते पहिल्यांदाच. कोकिळेला रडू फुटलं.

"काही लागलं, कापलं, तर रक्त लवकर थांबतं?"

"नही. दाढ काढली तवा उशी भिजली व्हती. बाबाचा बी सदा नाकाचा घोळणा फुटे, रक्त थांबेच ना."

"हा विटाळ नाही, आजार आहे," डॉक्टरीण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "हिचं रक्त लवकर गोठत नाही. जन्माचं आहे, रक्ताच्या नात्यातून येतं. दवाखान्यात आणा, नाहीतर जिवावर बेतेल. माहेरच्या बायकांत आणखी कुणाला असं होतं?"

कोकिळेनं मान हलवली. "कोनालेच नही. एकली मीच."

बायकांत कुजबुज झाली. लीलाधर कासरा हातात घेऊन दारात येऊन उभा राहिला. मग बायकांना बाजूला सारत सोजरबाई पुढं आली आणि तिनं गोठ्याचा उंबरा ओलांडला.

"गाडी दवाखान्याकडं घे," ती लेकाला म्हणाली. मग ती कोकिळेच्या तरटावर बसली.

"सरक जराशी, पोरी."

कोकिळा सरकली. सोजरबाई मागं टेकली, आणि तिची पाठ त्या खळग्यात बरोबर बसली.