दांडगा शेजार

"हे नाजूक सुरय पक्षी त्या धटिंगण कुरवांना खेटूनच का घरटी करतात?" बेटाच्या काठाला होडी लागताच नव्या सहायिकेनं विचारलं.

"घार आली की कुरव तिच्यावर तुटून पडतात. सुरयांची पिल्लं आपसूक वाचतात," पक्षीनिरीक्षक बाई म्हणाल्या. "हे गेल्यावर मीसुद्धा दिरांच्या शेजारचीच खोली घेतली. आता माझ्या पोरीकडे वाकड्या नजरेनं बघायची कुणाची टाप नाही."

तेवढ्यात घार आलीच. कुरवांनी एकच कालवा करत तिला पार पलीकडच्या काठापर्यंत पिटाळलं. मग त्यांतला एक माघारी आला, सुरयांच्या घरट्यांमधून सावकाश चालत गेला आणि त्यानं एक पिल्लू उचलून अख्खं गिळलं.

सहायिकेनं दुर्बीण खाली घेतली. "हे असं करतात?"

"एरवी नाही. यंदा तलाव आटलाय. त्यांनाच खायला मासे नाहीत."

बाईंचा फोन वाजला. लेकीचा होता.

"आई, काकांची नोकरी सुटली ना, म्हणून त्यांनी मलाच काम बघितलंय. खूप लांब आहे, पण राहायची सोय आहे म्हणे. मला न्यायला त्यांचे एक ओळखीचे आलेत."

बाई होडीकडे धावल्या.

"त्या दोघांना बाहेर बसव आणि दाराला आतून कडी घाल. मी निघालेच."

"कडी काकांनी मघाशीच घातली, आई. ते दोघं आतच बसलेत."