कोर्टाची पाहणी

"कोळसा असाच जळत राह्यला तर आपल्या लेकरायले ना हवा भेटन, ना गारवा," असं म्हणत चंद्रपूरजवळच्या एका खेड्यातल्या इंदुताईंनी गावाच्या वतीनं कोळसा खाणीवर केस टाकली. उन्हाळा दरवर्षी जास्तच तापत चालला होता, आणि खाणीच्या काळ्या धुळीपायी गावात कोणी अंगणात कपडेही वाळत घालत नव्हतं. शेवटी कोर्टानं समिती नेमली आणि पाहणीचा दिवस ठरला.

त्या दिवशी सकाळपासून खाणीतली यंत्रं बंद होती. ट्रक थांबले होते आणि टँकर रस्त्यावर पाणी मारत फिरत होते. इंदुताई ग्रामपंचायतीत समितीची वाट पाहत बसल्या.

इकडे त्यांची सून दिव्यानी अंगणात आली आणि आभाळाकडे पाहतच राहिली. मग तिनं शेजारणीला हाक मारली, "रंजीता, आज धूळच नाई वं! काढ सारे कपडे, आजच धुऊन टाकू."

पाहता पाहता साऱ्या गल्लीनं दोऱ्या बांधल्या.

दुपारी समितीला घेऊन आलेल्या इंदुताई गल्लीच्या तोंडाशीच थबकल्या. दोन्ही बाजूंना चादरी, धोतरं, पोरांचे शाळेचे सदरे उन्हात लखलखत होते. दिव्यानी हरखून म्हणाली, "आई, पाहा ना, किती वर्षांनी!"

समितीचे साहेब कौतुकानं हसले.

"ताई, इतके पांढरेशुभ्र कपडे तर आमच्या नागपुरातही वाळत नाहीत. मग तुमची तक्रार नेमकी कशाची?"