आडवी रेघ

"हे असं नाही चालायचं," पडद्यावरून मर्ल आंटी म्हणाल्या आणि त्यांनी चहात बिस्कीट बुडवलं.

सोमवारपासून लिओनीला ऑस्ट्रेलियातल्या डबो गावच्या नर्सना हा ऑनलाइन अभ्यासक्रम द्यायचा होता. काळ्या-गोऱ्याबद्दल बोलायचं कसं, विचारायचं कसं, कुणाला न दुखावता ऐकायचं कसं, हे शिकवणारा. वर्षभर तिनं त्यासाठी जिवाचं रान केलं होतं. जड वाटलं तर थांबायचं बटण, नाव न सांगता उत्तर लिहायची सोय, प्रत्येक कठीण भागाआधी हळुवार सूचना. शब्दन् शब्द तोलूनमापून घेतलेला. पण या सगळ्याचा जीव होता मर्ल आंटींच्या व्हिडिओत. विराजुरी या तिथल्या मूळ रहिवासी लोकांमधल्या या म्हाताऱ्या बाईंनी हो म्हटल्याशिवाय त्यातलं काहीही कुणाला दाखवायचं नाही, असा शब्द लिओनीनंच त्यांना दिला होता. आंटी नाही म्हणाल्या की संपलंच सगळं.

"काय चुकलं, आंटी? शब्द बोचला का एखादा?"

"बोचायला ठेवलायस कुठं? सगळं गुळगुळीत करून टाकलंयस! पण मी एक प्रश्न विचारला होता. आपला रंग कोणता, हे तुम्हाला पहिल्यांदा कधी कळलं? तो विचारला आणि तू मला लगेच पुढच्या वाक्यावर ढकललंस. मधलं कुठं गेलं?"

"मधे काही नव्हतंच हो. तुम्ही गप्प बसला होतात. पडद्यावरचा माणूस इतका वेळ गप्प राहिला की लोकांना वाटतं नेट गेलं. शिवाय या विषयात शांतता फार अंगावर येते."

"येऊ दे की! अंगावर आल्याशिवाय कोण तोंड उघडतं?" आंटी कॅमेऱ्याच्या जवळ सरकल्या. "ते सगळं ऐकलंस तू?"

"पाहिलं ना. कापताना पडद्यावर आवाजाची रेघ दिसते, आवाज असला की नाचते. तिथं रेघ आडवी होती, म्हणून कापलं."

"पाहिलंस. मी विचारलं, ऐकलंस का?"

"असं कोड्यात काय बोलता? काय आहे त्यात, तुम्हीच सांगा ना."

"छे! माझी गोष्ट असती तर सांगितली असती. दुसऱ्याची मी कशी वाटत फिरू? आधी ऐक, मग फोन कर. मग बघू हो म्हणायचं की नाही."

पडदा काळा झाला. लिओनीला उमजेना. दुसऱ्याची गोष्ट? व्हिडिओ घेताना त्या खोलीत दुसरं होतंच कोण? ती स्वतः आणि बाबा.

बाबा म्हणजे फुकटचे हमाल. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून लेकीबरोबर सामान वाहायला हौसेनं यायचे. रेकॉर्डिंगच्या दिवशी दारातच आंटींनी नेहमीचा प्रश्न टाकला होता, "कुणातली गं तू, पोरी?" आलेल्या प्रत्येकाला त्या हेच विचारतात. लिओनीचं उत्तर तयारच असायचं. "माझी आजी, बाबांची आई, युरोपातल्या माल्टाची! म्हणून तर आम्ही उन्हात भाजत नाही, नुसते खरपूस होतो." आणि स्वतःच खो खो हसली होती. आंटी हसल्या नव्हत्या. त्या बाबांकडे बघत होत्या आणि बाबांना एकाएकी हातातल्या दिव्याच्या वायरीचा गुंता सोडवायची फार घाई झाली होती.

पुढं बोलणं रंगलं, तेव्हा लिओनी कॅमेरा चालू ठेवून जादा बॅटरी आणायला गाडीकडे गेली होती. परत आली तर दोघं गप्प. बाबांसमोरचा चहा तसाच, गार झालेला.

आणखी एक गोष्ट तिला आठवली. जन्मात कधी तिच्या कामाची चौकशी न करणारा हा माणूस, त्या दिवसापासून दर रविवारी फोनवर विचारत होता.

"ऐकलंस का गं ते?"

"हो बाबा, झकास झालंय."

"सगळं ऐकलंस?"

"सगळं."

मग बाबा टोमॅटोंना यंदा कीड लागल्याचं सांगायला लागायचे. म्हातारपणी माणसं अशी काहीतरी धरून बसतात, असं म्हणून तिनं ते सोडून दिलं होतं.

तिनं न कापलेलं मूळ रेकॉर्डिंग शोधून काढलं. कानात इयरफोन घातले, आवाज होता नव्हता तेवढा वाढवला.

आंटींचा प्रश्न आला. मग शांतता. छपरावर काकाकुव्याची नखं वाजली. कपात चमचा फिरला. लिओनीला राहवेना, बोट सवयीनं पुढं ढकलायच्या बटणाकडे गेलं. तिनं ते मागं घेतलं.

मग कॅमेऱ्याच्या मागून, खोलीच्या पार दुसऱ्या कोपऱ्यातून, एक दबका आवाज आला. बाबांचा.

"सात वर्षांचा असेन. आमच्यातली पोरं आईबापांपासून तोडून नेणारी सरकारी गाडी दाराशी आली. आईनं मला मागं लपवलं आणि म्हणाली, आम्ही नाही हो त्यांच्यातले, आम्ही माल्टाचे. तेव्हा कळलं मला. आई तुमच्यातलीच होती, आंटी. विराजुरी. पण त्या दिवसापासून आम्ही माल्टाचेच राहिलो."

मग आंटींनी हळूच विचारलं, "आणि लेकीला?"

"तोंडावर सांगायला जीभ रेटत नाही हो. कॅमेऱ्याचा तो लाल दिवा चालू आहे ना? मग झालं. कापायच्या आधी ती सगळं ऐकते."