महाराजांचा प्रॉम्प्टर

महाराज अडकले आणि वच्छलानं वही मिटली.

उद्या गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा होती. मंडई म्हटली की नाटक आलंच. समाजमंदिरापुढं फळ्या ठोकून रंगमंच उभा केला होता आणि भर दुपारी रंगीत तालीम चालली होती. अर्धं गाव पाहायला लोटलं होतं. रंगमंचाच्या ऐन समोर, पेटीवाल्याच्या बाजूला, एक खड्डा. ती प्रॉम्प्टरची जागा. पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीत प्रॉम्प्टरवाचून नाटक उभं राहत नाही. तो ओळ आधी वाचतो, नट ती उचलतो आणि गर्जतो. त्यात कोणालाच काही वावगं वाटत नाही. यंदा नेहमीचा प्रॉम्प्टर तापानं फणफणला, म्हणून नववीतल्या वच्छलाला तिथं बसवलं. आवाज खणखणीत, वाचन कसं सरसर. चार दिवस झाले, तिला आभाळ ठेंगणं झालं होतं.

पण आज सकाळी हेडमास्तर नाकाडे सरांनी आईला शाळेत बोलावलं. वच्छलाची धाकटी बहीण शेवंता पाचवीत. सहामाहीचे तिचे सगळे पेपर जवळजवळ कोरे. फळ्यावरचं तिला वाचता येत नसे. काल स्वतःच लिहिलेलं आज ओळखू येत नसे. इतिहास विचारा, घडाघडा सांगेल. पण पेपर थोडाच तोंडी असतो?

"अंजनाबाई, नाव काढून घ्या," सर म्हणाले. "नागपूरले मंदबुद्धी पोरायची शाळा आहे, तिथी टाका. नाई तं घरी ठेवा. उद्या पोरीच्या बापाले, रामाजीले, सही कराले पाठवा."

आई मान खाली घालून घरी आली. शेवंतानं दप्तर खुंटीला टांगलं आणि वच्छलाच्या मागं मागं तालमीला आली. आता ती खड्ड्यात बहिणीच्या पायाशी बसली होती, गुडघ्यात हनुवटी घालून.

आणि वर अडकलेले महाराज कोण, तर नाकाडे सरच. जरीचा अंगरखा, पत्र्याचा मुकुट, कमरेला तलवार.

"प्रॉम्प्टर!" महाराज दातांतल्या दातांत म्हणाले. "वाच ना वो!"

"नाई वाचत जी."

"काऊन?"

"वही वर देतो. तुमीच वाचा."

"चष्मा नाई ना, पोट्टे! राजा कुठी चष्मा घालते का?"

लोक खदाखदा हसले. राणी झालेला लच्छू सुतार मिशीवर पदर धरून हसला. वच्छला उभी राहिली.

"तुमाले दुसऱ्यानं वाचून देल्लं चालते, सर. मंग माह्या बहिनीलेच काऊन नाई चालत?"

हसू थांबलं. पेटीवाल्याचा भाता अर्ध्यावर राहिला. "वच्छे, बस खाली!" गर्दीतून आई ओरडली. सरांच्या तोंडाला इतका रंग फासलेला, की आत राग आहे की काय आहे, काही कळेना. वच्छलानं वही काखेत घट्ट धरली. आपण हे काय करून बसलो! आता शेवंताचं नाव तर जाणारच, सोबत आपलंही जाणार.

तेवढ्यात तिच्या गुडघ्यापाशी बारीक आवाज आला.

"सेनापती, या तटाच्या एकेका दगडात आमच्या वाडवडिलांचा घाम मुरला आहे."

शेवंता! सगळ्यांसमोर अडकून उभं राहणं काय असतं, ते तिला पुरतं माहीत होतं. तिला ते बघवेना.

महाराजांनी एकदा खाली पाहिलं. मग ओळ उचलली आणि अशी गर्जली, की समोरची लहान पोरं मागं सरकली. शेवंतानं दुसरी ओळ दिली. तिसरी दिली. बारा ओळींचं भाषण, एक शब्द इकडचा तिकडं नाही. मग सेनापतीची वाक्यं दिली, राणीची दिली, दासीचं एकुलतं एक 'जी सरकार'सुद्धा सोडलं नाही. वही वच्छलाच्या काखेत तशीच मिटलेली. घरी पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलता सोलता वच्छलानं सराव म्हणून नाटक मोठ्यानं वाचलं होतं. फक्त दोनदा. शेवंता आपली शेंगा सोलत होती, इतकंच वच्छलानं पाहिलं होतं.

प्रवेश संपला. टाळ्या थांबता थांबेनात. लच्छूनं तर लुगड्यासकट उडी मारली. नाकाडे सर फळीवरून खाली उतरले आणि खड्ड्याच्या काठाशी उकिडवे बसले. मुकुट एका कानावर आला होता. त्यांनी शेवंताकडे नीट पाहिलं. मग त्यांनी गर्दीत आईला शोधलं.

"अंजनाबाई, रामाजीले पाठवू नोका. हे पोरगी कुठीच जात नाई. अक्षरं शिकन ते हळूहळू, घाई नाई. पन तोवर तिचं शिक्षन काऊन अडाव?" मग ते वच्छलाकडे वळले. "सोमवारी हिची सहामाही पुन्हा घेतो. प्रश्न तू वाचजो. उत्तरं शेवंता सांगन."

वच्छलाला हसावं की रडावं कळेना. तरी तिनं विचारलंच, "अन् लिहिन कोन जी?"

महाराजांनी कमरेची तलवार सोडून बाजूला ठेवली.

"मी," ते म्हणाले.