नवरदेवाचा चाकू

"हा नको." हिराबाईनं तिसरा चाकू मिटला आणि बाळाप्पाच्या पुढ्यात ठेवला. "पातं मिटताना एका अंगाला घासतंय."

बाळाप्पा हसला. हुबळीच्या गोकुळ रोडला पत्र्याच्या शेडमध्ये बसून तो मोडक्या करवतींच्या पोलादाचे खिशात मावतील असे चाकू करी. त्याचं गिऱ्हाईक सगळं कारखान्यातलं. लुगड्यातलं गिऱ्हाईक अशी खोट काढतंय, हे तो पहिल्यांदाच बघत होता.

"बसा अक्का. कुणासाठी पाहिजे ते तरी सांगा."

"नवरदेवासाठी. सोमवारी हळद."

हळद लागली की नवरदेवाच्या हातात चाकू द्यायचा, टोकाला लिंबू टोचायचं आणि लग्न लागेपर्यंत खाली ठेवू द्यायचा नाही, म्हणजे वाईटसाईट अंगाला लागत नाही. हे बाळाप्पाला वेगळं सांगायची गरज नव्हती.

"मग कसला पण चालतोय की वो! त्यानं काय लढाईला जायचंय?"

"कसला पण चालवला होता एकदा," हिराबाई म्हणाली.

दुपारचं ऊन दारातून आत आलं होतं आणि त्यात पोलादाची धूळ तरंगत होती, हळदीसारखी. त्या धुळीकडे बघता बघता हिराबाई सहा वर्षं मागं गेली. परशुरामाचं लग्न. तिचा एकुलता परशुराम. घाईगर्दीत चाकू राहिला म्हणून तिनं शेजारून एक मागून आणला होता. गंजका, बोथट. लिंबू तीनदा गळून पडलं. बायकांनी तोंडाला पदर लावले. पुढं दोन वर्षांत अळणावर गावातल्या लाकडाच्या वखारीत ओंडका घसरला आणि परशुराम त्याच्याखाली गेला. अजून झोपेत ते लिंबू अंगणातून घरंगळत जाई, ती मागं धावे, आणि ते हाती लागत नसे.

हे तिनं दोनच वाक्यांत सांगितलं. बाळाप्पानं चष्मा काढून पुसला.

"लोखंडाला बोल लावू नका अक्का. त्याला काय कळतंय?"

"त्याला नसंल कळत. मागून आणणारीला कळायला पाहिजे होतं. ह्या खेपेला नवरदेवाच्या केसाला धक्का लागता कामा नये. बास."

"काम काय करतो पोरगा?"

"आनंदा होय? केलगेरीला रोपवाटिकेत हाय. आंब्याची कलमं बांधतो."

"आत्ता सांगताय!" बाळाप्पा एकदम सरसावून बसला. त्यानं फळीवरून एक चाकू काढला. काळ्या शिंगाची मूठ, सरळ पातं. "कलमाला एकाच बाजूनं धार पाहिजे. एका ओढीत काप गेला पाहिजे. हिसका बसला की कलम धरत नाही."

हिराबाईनं तो उघडला. टक्‌ असा आवाज आला. पातं हलवून बघितलं, हललं नाही. मिटून उजेडाकडे धरलं. पातं बरोबर मधोमध बसलं होतं.

"हा. पण धार मी लावणार."

"तुम्ही?"

"दाखवा कशी लावायची ती."

बाळाप्पानं सहाणेवर तेलाचे दोन थेंब सोडले. पातं किती कलतं धरायचं ते दाखवलं. "दाबू नका. बाळाच्या पाठीवर हात फिरवतो, तसं." हिराबाई फिरवत राहिली. खसऽ खसऽ असा एकच आवाज, संथ. बाहेरची यंत्रं कुठल्या कुठं गेली. पलीकडच्या अंगाला बारीक कणी उठली, बोटाला लागली. मग बाळाप्पानं चामड्याचा पट्टा दिला आणि त्यावर ती कणीही निघाली.

"तुमची करवली उन्हात का हो उभी?" बाळाप्पानं विचारलं.

तिच्याबरोबर आलेली मथुरा समोरच्या कासाराच्या दुकानापाशी थांबली होती. दोन्ही हात पाठीमागं, पदर कपाळावर ओढलेला.

"बांगड्या भरा की तिला. लग्नघर आणि हात मोकळे?"

"भरायच्यात. आधी हे होऊ दे." हिराबाईनं हाक मारली, "मथुरा, ये गं. बघ हा."

"तुम्ही बघितलासा न्हवं, अव्वा?"

"तू बघ."

मथुरेनं दारातल्या कडुलिंबाची काडी घेतली. एकाच ओढीत तिरका काप गेला, गुळगुळीत. तिनं चाकू मिटला आणि तळहातावर तोलून बघितला.

"हलका हाय," ती म्हणाली. "त्यांच्या हाताला बसंल."

"बघा! भावाचा हात बहिणीला बरोबर ठाऊक," बाळाप्पा म्हणाला. मथुरा परत उन्हात गेली.

चाकू कागदात गुंडाळता गुंडाळता बाळाप्पानं विचारलं, "वाजत-गाजत करताय न्हवं?"

"गाव म्हणतंय, गुपचूप उरका."

"घरात असं झाल्यावर म्हणणारच."

"मी म्हणाले, भर दुपारी करणार. वाजंत्री लावून."

"बरोब्बर केलंत! पोराला माझा आशीर्वाद सांगा."

"सांगते," हिराबाई म्हणाली. जाताना स्टँडपर्यंत तो कागद तिनं पोटाशी धरला होता.

मंगळवारी दुपारी अंगणातल्या मांडवात सनई सुरू झाली. निम्मं गाव आलं नव्हतं. आलं होतं ते कुजबुजत होतं. आनंदा पाटावर उभा होता, कपाळावर घाम, मुठीत चाकू घट्ट. हिराबाई त्याच्याकडे एकटक बघत होती, जणू तिनं नजर काढली तर तो नाहीसा होईल. हुबळीहून आणलेल्या भटजींनी अंतरपाट धरायला सांगितला आणि विचारलं, "नवरीचा हात कोण देणार? मुलीकडचं कोण आहे?" मग हिराबाई उठली, आत गेली आणि मथुरेचा हात धरून तिला पाटापाशी घेऊन आली.

"मी देणार," ती म्हणाली. "माझ्या परशुरामाची बायको ही."