पसरलं

पोरीच्या फुप्फुसांत औषधाचा दुसरा डोस सोडून दोन तास झाले, तरी मशिनवरचा ऑक्सिजनचा आकडा वर चढेना. पोरीचा बाप सुगत बाकावरून उठला. थोरल्या बहिणीच्या पिशवीतला लॅपटॉप काढून त्यानं तिच्या मांडीवर ठेवला.

"अक्का, चार वर्षं तू हेच करती ना? लावून बघ. पसरंल का न्हाय, तेवढं सांग."

पौर्णिमाची पीएच.डी. याच विषयावर होती. सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाची फुप्फुसं ओल्या पिशवीसारखी आतून चिकटलेली असतात. औषध पडतं तिथं आतल्या ओलीचा ताण उतरतो आणि जास्त ताणाची बाजू औषधाला आपल्याकडं ओढून नेते. परातीतल्या पाण्यावर हळद भुरभुरून मधोमध साबणाचा थेंब सोडला, की हळद कडेला पळते, तसं. ते पळणं ती संगणकावर मांडायची. पण तिच्या गणितातल्या नळ्या सरळ होत्या, गुळगुळीत होत्या. मुरुम गावाहून धाराशिवच्या दवाखान्यात आणेपर्यंत दोनदा श्वास थांबलेली पोर त्यात कुठंच नव्हती.

"ते खऱ्या लेकराचं न्हाय रे. त्यातनं काय कळणार न्हाय."

"मग आरोहीला काय सांगू? वॉर्डात पडल्या पडल्या सकाळधरनं एकच विचारायलीय."

काचेच्या दाराआड मशिन बारीक वाजत होतं. पौर्णिमानं लॅपटॉप उघडला. पोरीचं वजन, औषधाचं माप, ठाऊक होतं ते सगळं भरलं. पडद्यावर लाल रंग नळीतून निघाला. पहिल्या फाट्यावर त्याच्या दोन धारा झाल्या, दुसऱ्यावर चार. सहाव्या फाट्यावर तो थांबला. पुढं सगळं निळंच.

"आडलं व्हय?"

"थांब."

तिनं ओलीचा चिकटपणा कमी केला. रंग सातव्यावर थांबला. तिनं अजून कमी केला, मग अजून. आता तो आकडा पाण्याच्याही खाली गेला होता. असली ओल कुणाच्याच छातीत नसते, हे तिच्याइतकं त्या दवाखान्यात कुणाला ठाऊक नव्हतं. तरी तिनं बटण दाबलं.

लाल रंग शेवटच्या फाट्यापर्यंत गेला.

"पसरलं!" सुगत ओरडला.

"सुगत, ऐक..."

पण तो बाळंतिणींच्या वॉर्डाकडं पळाला होता.

तिनं लॅपटॉप मिटला, तेवढ्यात काचेचं दार उघडलं. सिस्टर तिच्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "आईला आणा ताई. पोरगी आता तग धरणार नाही. जाईपर्यंत आईच्या कुशीत राहू दे, म्हणाले डॉक्टर."

व्हरांड्यातून चाकाची खुर्ची येत होती. सुगत ती ढकलत होता. खुर्चीत आरोही होती. तिनं केस नीट बांधले होते. दोन दिवसांत पहिल्यांदाच तिचा चेहरा मोकळा झाला होता.

"अक्का, पसरलं म्हणत्यात हे. मग आता मला घेऊ देतील का तिला?"

पौर्णिमानं सिस्टरकडं पाहिलं. सिस्टरनं मान खाली घातली.

"व्हय," पौर्णिमा म्हणाली. "घेऊ देणार हायेत."

आरोहीनं दोन्ही तळवे गाऊनला घासून घासून पुसले आणि बसल्या जागीच हात पुढं केले.