लेकीसाठी मतं

सलूनवाल्याची लेक विद्यार्थ्यांच्या लेखस्पर्धेत उतरली होती आणि पहिला नंबर वाचकांच्या मतांवर ठरणार होता. बापाला स्वतःला अक्षर वाचता येत नव्हतं, पण खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाला तो मोबाइल काढायला लावायचा. "आधी लेकीला मत, मगच दाढी!" लोक हसत लेख उघडायचे आणि वाचता वाचता गप्प व्हायचे. मत मात्र सगळे द्यायचे.

"बाबा, नका ना सगळ्यांना सांगत बसू," लेक एकदा चाचरत म्हणाली.

"लाजतेस काय, वेडे!" त्याने तिला उडवून लावलं.

ती पहिली आली. त्या दिवशी त्याने जुन्या गिऱ्हाइकाला, निवृत्त मास्तरांना, गळच घातली. "मास्तर, आज मला तो लेख वाचून दाखवा."

मास्तरांनी आधी टाळाटाळ केली, मग नाइलाजाने चष्मा चढवला. "दुकानात सगळ्यांना पोट धरून हसवणारे माझे बाबा घरी कधीच हसत नाहीत. त्यांची चाहूल लागली की आई बोलायची थांबते आणि मी पुस्तकात डोकं घालते. कशावरून भडका उडेल, सांगता येत नाही."

त्याचा कात्रीचा हात थांबला. "हे सगळ्यांनी वाचलंय?"

"हो," मास्तर खाली बघत म्हणाले.

संध्याकाळी तो घरी पोहोचला, तेव्हा दाराआड मायलेकी कशावरून तरी खळखळून हसत होत्या. बायकोचं हसू तो कितीतरी वर्षांनी ऐकत होता. ते थांबू नये म्हणून तो बाहेर पायरीवरच बसून राहिला.